दोन पाळ्यांच्या मधली वेळ

आमच्या भावकीत त्या जागेला कधी कुणी खोली म्हटलं नाही, बंगला म्हटलं नाही. 'अप्पाचा आठवडा' म्हणायचे. "औंदा अप्पाचा आठवडा कवा हाय?" असं चुलत्या विचारायच्या, आणि माय चुलीपुढून मान वर न करता म्हणायची, "संक्रांतीच्या म्होरं." दुसऱ्याच्या घरात शेत असतं, म्हैस असते, आमच्या घरात आठवडा होता. हे लोकांना समजावून सांगता सांगता माझं अर्धं आयुष्य गेलं. सासरी तर कुणी विश्वासच ठेवला नाही. वर्षातले सात दिवस विकत घेणारा माणूस आधी त्यांनी पाहिलेला नव्हता, आणि पाहिला असता तरी त्यांनी त्याला शहाणा म्हटलं नसतं.

अप्पा, म्हणजे माझे वडील, वीज खात्यात होते, आम्ही हुमनाबादला राहायचो. खात्यातल्या एका साहेबाच्या ओळखीनं गुलबर्ग्याच्या एका हॉटेलात अप्पांना चहापाण्याला बोलावणं आलं. पडदे ओढून भिंतीवर चित्रं दाखवली म्हणे: डोंगर, धुकं, लाल कौलांची घरं. टाय बांधलेल्या एका पोरानं समजावून सांगितलं. पैसे एकदाच भरायचे. मग वर्षातला एक ठरलेला आठवडा, एक ठरलेली खोली, पुढची कितीतरी वर्षं तुमची. जमीन तुमची नाही, भिंती तुमच्या नाहीत, त्या आठवड्याचा हक्क तेवढा तुमचा. बाकीचे आठवडे बाकीच्या लोकांचे. देखभालीसाठी दरसाल काही द्यायचं. जायला जमलं नाही तर तो आठवडा कुणाला देता येतो, दुसऱ्या गावच्या आठवड्याशी बदलता येतो, आणि तुमच्या माघारी तो लेकरांकडं जातो. साहेब लोक एकमेकांकडं बघत बसले. एका खोलीचे पन्नास मालक, ही काय भानगड? अप्पांना मात्र क्षणात उमगलं. घरी येऊन पायातल्या चपला काढायच्या आधी ते म्हणाले, "अगं, ही तर आपल्या हिरीवरची पाळी हाय!"

पाळी म्हटलं की माझ्या नाती तोंडावर हात धरून हसतात. हसा बायांनो. पण आमच्या मूळ गावी, निर्ण्याला, पाळी म्हणजे विहिरीची. गावच्या विहिरीवर आम्हाला कधी पाय ठेवू दिला नाही, म्हणून आजोबांनी आणि त्यांच्या तिघा भावांनी स्वतःच्या रानात विहीर फोडली. चौघांत विहीर वाटायची कशी? पाणी कापता येत नाही, मग दिवस कापले. आठ आठ दिवसांची पाळी. बाजाराच्या दिवशी पाळी बदलायची, आणि ती बदलायची एक रीत होती. डिझेल इंजनाचं लोखंडी हँडल जाणाऱ्यानं येणाऱ्याच्या हातात द्यायचं. भिंतीवर ठेवून जायचं नाही, बायकोजवळ, पोराजवळ द्यायचं नाही. येणारा आला नाही तर विहिरीच्या काठावर बसून राहायचं, मग संध्याकाळ का होईना. हातोहात हँडल गेल्याबिगर पाळी फिरत नाही. एकदा एक चुलता कंटाळून हँडल बाभळीला टांगून गेला, तर तो आणि त्याचा भाऊ सगळा हंगाम बोलले नाहीत. आणि थोरली आजी म्हणायची, दोन पाळ्यांच्या मधली वेळ बिनधन्याची. तेव्हा विहीर कुणाची नसते, म्हणून मग जे नाहीत त्यांची असते. तेव्हाचं पाणी मेलेली माणसं पितात. अप्पांनी हे हसत हसत घरात कितीदा सांगितलं असेल. त्यांना वाटायचं, हे ऐकून आम्ही हसू.

हसायला आमच्या घरात तेव्हा कुणी नव्हतं. माझी धाकटी बहीण सुमी आदल्या पावसाळ्यात गेली होती. गोवर अंगावर निघाला आणि आत गेला, असं म्हातारी माणसं म्हणाली. दवाखान्यानं दुसरंच काही सांगितलं. चार वर्षांची होती. तिच्यामागं माय जगत होती, पण घरात नव्हती. सकाळी भाकरी थापण्याचा आवाज यायचा, थप थप थप, आणि मध्येच थांबायचा. मी पुस्तकातून मान वर करायची. माय पीठभरले हात तसेच काठवटीवर ठेवून दाराकडं कान देऊन बसलेली. तवा तापून तापून धुराळायचा. मग पुन्हा थप थप. मी तेव्हा तेरा-चौदाची. माझी वेणी मी घालायची, माझा डबा मी भरायची. मायनं मला नावानं हाक मारणं सोडूनच दिलं होतं. "ए पोरी" म्हणायची, तेही काम असलं तर. मला सुमीचं दुःख नव्हतं असं नाही हो, पण मेलेल्या लेकराशी भांडता येत नाही, आणि मला भांडायचं होतं. मला माझी माय पाहिजे होती.

अप्पांनी तो आठवडा घेतला तो मायला त्या घरातून बाहेर काढायला, एवढं मला मोठी झाल्यावर कळलं. अप्पा कडक बौद्ध. दीक्षा घेतली त्या सालीच आजोबांनी देव्हारा नदीला दिलेला, आणि पिंड-श्राद्ध करणार नाही हे त्यांनी तोंडानं म्हटलेलं. भिंतीवर बुद्धाचा फोटो. आत्मा नाही, भूत नाही, परत येणं नाही. त्यामुळं शेजारच्या लिंगायत अक्का मायला हळूच म्हणायच्या, "लेकराच्या नावानं काई तरी ठिवावं व्हो माय," आणि माय नुसती हां हां करायची. ठेवायला आमच्यात जागाच नव्हती. आज मला वाटतं, अप्पांचं सगळं बरोबर होतं, पण मायच्या हाताला काही तरी काम द्यायला हवं होतं.

पहिल्या वर्षी कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि शेंगाच्या पोळ्यांचा डबा घेऊन आम्ही निघालो. हुमनाबादहून सोलापूर, सोलापूरहून रेल्वे, मग घाटाची लाल बस. डोंगरावर थंडी अशी की दात वाजत. जागा नवी होती, जेमतेम सालभराची. एक खोली, पुढं चार पायऱ्या, आत प्लायवूडचं कपाट, त्याला अजून रंगाचा वास. मायनं कपडे ठेवायला कपाट उघडलं आणि तशीच उभी राहिली. दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीची एक आडवी रेघ होती, खालीच, माझ्या कमरेच्या जरा वर. कुणीतरी लेकराला दाराशी उभं करून उंची मापली असणार, आमच्या आधीच्या आठवड्यात, नाहीतर गेल्या साली आमच्या नंतरच्या. त्यात काय एवढं? पण मायनं त्या रेघेवर तळहात आडवा धरला आणि म्हणाली, "एवढीच हुती." अप्पा बाहेर मॅनेजरशी बोलत होते. त्यांना ऐकू गेलं नाही. मला गेलं.

निघायच्या दिवशी मोठा घोळ झाला. सकाळी दहाला खोली सोडायची आणि किल्ली ऑफिसात टेबलावर ठेवायची, दुपारी बाराला पुढचे लोक येणार, मधल्या वेळात झाडलोट, असा नियम. अप्पा किल्ली ठेवायला तयार नाहीत. "पुढचा पाळीदार येऊ द्या, त्याच्या हातात देतो." मॅनेजर म्हणाला, "साहेब, तशी पद्धत नाही." अप्पा म्हणाले, "पद्धत न्हाई म्हंजे? अहो, त्यानं मला बघाय पाहिजे, म्या त्याला. एका हिरीचे भागीदार हाव आमी." शेवटी बस चुकेल म्हणून किल्ली टेबलावर ठेवली, पण उतरताना चेहरा पडलेला. बसमध्ये बसल्यावर स्वतःशीच म्हणाले, "पाळी बिनधन्याची सोडून आलाव." माय खिडकीबाहेर बघत होती. तिनं मान वळवली आणि त्या वर्षात पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडं नीट बघितलं.

मायनं शेंगाच्या चार पोळ्या फडक्यात बांधून कपाटाच्या खालच्या फळीवर, जादा रगांच्या मागं ठेवल्या होत्या, हे मला घरी आल्यावर डबा घासताना कळलं. दुसऱ्या वर्षी गेलो तर फडकं तिथंच, रिकामं, नीट घडी घातलेलं. आणि दारावर दुसरी रेघ, पहिल्या रेघेच्या वर. मी कपाटापासून मागं सरले. माय मात्र उजळली, हो, उजळलीच, दुसरा शब्द नाही. "वाढायलीय," म्हणाली. तिसऱ्या वर्षी तिसरी रेघ. माय वर्षभर त्या आठवड्यासाठी जगायला लागली. दिवाळी झाली की शेंगा निवडायला बसायची. शेजारच्या अक्कांना वाटलं, बाई माणसात आली. अप्पांनाही वाटलं. डोंगरावरची हवा मानवली म्हणाले, आणि खुशीत राहिले. मी त्यांना सांगितलं नाही असं नाही. एकदा मी म्हणाले, "अप्पा, मायला वाटतंय सुमी तिथं येतीय." ते पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "आपल्यात तसलं काई नसतंय." आपल्यात नसतं म्हणजे कुठंच नसतं, एवढा त्यांचा विश्वास.

चौथ्या वर्षी निघायची सकाळ. बॅगा पायरीवर आणून ठेवल्या. माय आतून म्हणाली, "तुमी व्हा म्होरं, म्या केस इंचरून येते." आणि कडी लागल्याचा आवाज आला. आम्ही थांबलो. केस विंचरायला लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ गेला. अप्पांनी दार वाजवलं.

"अगं, दहा वाजून गेले. काय करायलीस?"

"बसलेय."

"कामून?"

मग दाराला तोंड लावून बोलावं तसा मायचा आवाज आला, शांत, अगदी नेहमीचा. "ह्या येळंला ती येतीया. दरसाल आपुन निघून जाताव, अन् मंग ती येतीया. औंदा मी हाय हितं."

अप्पांचा हात दारावरच राहिला. त्या माणसाला मी खात्यातल्या संपात पाहिलं होतं, आजोबांच्या मयताला पाहिलं होतं, पण असं कधी नाही. ते हळूच म्हणाले, "आपल्या धम्मात तसलं नसतंय गं."

"म्हाईत हाय. पर हिरीला असतंय न्हवं? तुमीच म्हन्लाव."

मॅनेजर आला, झाडणाऱ्या बाया बादल्या घेऊन आल्या. मॅनेजर दार ठोठावायला पुढं झाला तर अप्पा आडवे उभे राहिले. "हात लावू नका दाराला. बसू द्या तिला." मॅनेजर म्हणाला, पुढची पार्टी येईल. अप्पा म्हणाले, "यिऊ द्या. पाळीदार येईस्तोवर बसायची आमची रीतच हाय." आणि ते पायरीवर बसले. मी त्यांच्या खालच्या पायरीवर बसले. दाट धुकं होतं, समोरचं झाडही धड दिसत नव्हतं. आतून काहीच आवाज येत नव्हता. मला भीती एकाच गोष्टीची होती. आत खरंच कुणी आलं तर माय पुन्हा बाहेर येणार नाही. दार उघडेल, ती दिसेल, भाकरी थापेल, पण बाहेर येणार नाही. मी मनात सुमीला म्हणत होते, येऊ नको गं. येऊ नको बाई. आजही ते आठवलं की जीव कसनुसा होतो, कारण ती माझी बहीण होती आणि मी तिला घालवून देत होते.

मग धुक्यातून भाड्याची गाडी आली. हैदराबादचे लोक. टोपी घातलेले एक सडसडीत गृहस्थ, बुरखा डोक्यावरून मागं टाकलेली त्यांची बायको, आणि गाडी नीट थांबायच्या आत उडी मारून पळत आलेली एक पोरगी. आठ वर्षांची असेल. पुढचा एक दात नव्हता. आमच्या मधून वाट काढून ती पायऱ्या चढली आणि दारावर दोन्ही हातांनी थापा मारायला लागली. "कौन है जी अंदर? ये हफ्ता हमारा है!"

कडी निघाली. दार उघडलं. मायचा त्या वेळचा चेहरा मी पाहिला. तसा चेहरा माझ्याकडं करून तिनं आयुष्यात कधी पाहिलं नाही, आणि मला ते चालेल, इतका तो चेहरा बघवत नव्हता. पोरगी क्षणभर तिच्याकडं बघत राहिली, मग तिच्या काखेखालून आत शिरली, थेट कपाटाकडं. दार उघडलं, रेघांना पाठ लावून ताठ उभी राहिली. "अम्मी, जल्दी आओ! देखो कित्ती बढ़ गई मैं!" आणि तशीच वाकून तिनं रगांच्या मागं हात घातला, फडकं बाहेर ओढलं, सोडलं आणि शेंगाची पोळी तोंडात घातली. तिची आई ओरडली, "कायकू खाती गे, किसका है वो?" पोरगी भरल्या तोंडानं म्हणाली, "मेरा है. हर साल रहता."

त्या बाईनं मायकडं बघितलं, पोळीकडं बघितलं, आणि तिला काय समजलं कुणास ठाऊक, बायकांना समजतं; ती पुढं येऊन मायच्या दंडाला हात लावून उभी राहिली. माय पोरीपुढं खाली बसली. "नाम क्या गे तेरा?" पोरीनं नाव सांगितलं. सुमी नव्हतं. मायनं ते नाव एकदा स्वतः म्हणून बघितलं. मग पोरीच्या गालाला लागलेला शेंगदाण्याचा चुरा पदरानं पुसला.

अप्पा दारात आले. "चल. पाळी झाली आपली. त्यांची लागली."

मायनं कमरेची किल्ली काढली. मॅनेजरनं हात पुढं केला होता, तिकडं तिनं बघितलंही नाही. पोरीचा चिकट हात उघडून तिनं त्यात किल्ली ठेवली, मूठ मिटवली, आणि बाहेर आली. पायऱ्या उतरताना एकदाही मागं बघितलं नाही.

बस घाट उतरून खाली आली. मग माय माझ्याकडं न बघता म्हणाली, "तितका येळ बसले हुते. डोळेबी मिटले न्हाईत. कुणीबी आलं न्हाई." मग रेल्वेत बसल्यावर, "चार वरसाचीच पाळी हुती तिची आपल्याकडं." सोलापूरच्या स्टँडवर तिनं माझी वेणी सोडली आणि लोकांच्या गर्दीत बाकावर बसून पुन्हा घातली, घट्ट, डोळे ताणतील इतकी. "शके, जेवलीस का?" म्हणाली. मला भडभडून आलं. चार वर्षांनी मला माझं नाव ऐकू आलं होतं. मी रडत रडत कडक भाकरी खाल्ली, आणि ती घशाखाली उतरेना तर माय हसली.

त्यानंतर माय तीस वर्षं जगली, आणि भाकरी थापताना पुन्हा कधी थांबली नाही. आठवडा आधी अप्पांच्या नावावर, मग माझ्या नावावर चालला. आता त्याची मुदत संपली. तो आठवडा कंपनीकडं परत गेला, दुसऱ्या कुणी घेतला असेल. लेक म्हणतो, बरं झालं, कटकट गेली. अप्पांनी शेवटपर्यंत हेच सांगितलं की बघ, माय स्वतः बसली, स्वतः खात्री केली, तिथं कुणी नव्हतं. मी हो म्हणायची. मी शाळेत विज्ञान शिकवलं, माझाही भुताखेतांवर विश्वास नाही, हे लिहून ठेवते.

पण एक आहे. त्या सकाळी धुक्यात मी पायरीवर बसले होते, आणि मनात येऊ नको, येऊ नको म्हणत होते, तेव्हा मी न ठरवता उजवीकडं सरकले होते. शेजारी कुणी येऊन बसलं की आपण सरकतो तशी. डाव्या हाताला गार, बारकं काही तरी लागलं आणि तिथंच राहिलं. मी बघितलं नाही. गाडीचा आवाज येईपर्यंत मी तो हात हलवला नाही. माय आत डोळे उघडे ठेवून वाट बघत होती, आणि मला कुणी हाक मारून विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही. सोलापूरला तर माय माझं नाव घेत होती, माझी वेणी घालत होती. तेव्हा कुठल्या तोंडानं सांगणार होते, माय, ती आली होती, पण तुझ्याकडं नाही? आजही बाकावर, गाडीत, सभेत कुठंही बसले तरी मी डावीकडं थोडी जागा सोडून बसते.